पंतोजी, पेढी आणि 'शिक्षामाला' : मुंबई इलाख्यातील गणितशिक्षकाची घडण

अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याचा विचार करताना वाङ्मयेतिहासकारांची दृष्टी सामान्यतः सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या 'इसापनीतिकथा', 'बाळमित्र' आणि 'वेताळपंचविशी' या भाषांतरित पुस्तकांवर स्थिरावते. १८२८ ते १८३० या अवघ्या दोनतीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांनी मराठी कथनगद्याला छापील वळण दिले, हे मत आता सर्वमान्य झाले आहे. मात्र ज्या मंडळीने ही पुस्तके काढली, तिनेच त्याच सुमारास अंकगणित, भूमिती आणि बीजगणित यांवरील पुस्तकेही मराठीत सिद्ध केली. त्यांची नोंद 'क्रमिक पुस्तके' या शीर्षकाखाली होते आणि तेथेच त्यांचा विचार संपतो. वास्तविक नव्या गद्याची खरी कसोटी या पुस्तकांत लागली होती. कथेचे भाषांतर थोडे सैल झाले तरी कथा उरते, सिद्धतेचे भाषांतर सैल झाले तर काहीच उरत नाही. शिवाय या पुस्तकांचा पहिला वाचक विद्यार्थी नसून शिक्षक होता. पुस्तक आधी त्याला समजणे, मग त्याच्या तोंडी बसणे आणि त्यानंतर मुलांपर्यंत पोहोचणे, असा त्यांचा प्रवास होता. म्हणून या पुस्तकांचा इतिहास हा मुळात एका शिक्षकवर्गाच्या घडणीचा इतिहास आहे, आणि त्या घडणीमागे सरकारच्या बरोबरीने मुंबईच्या व्यापाऱ्यांची वर्गणी व वजन उभे होते.

या व्यापाऱ्यांना स्वतःचे गणित नव्हते असे नाही. किंबहुना त्यांच्या पेढ्या ज्या गणितावर चालत, ते शिकविणारा शिक्षक गावोगाव होताच. पंतोजीच्या शाळेत मुलगा धुळपाटीवर अक्षर गिरवी आणि सकाळ-संध्याकाळ उजळणी म्हणे. एकापासून तीसपर्यंतचे पाढे, त्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारापुरता उरलेला हा शब्द त्या काळी प्रत्येक दुकानात रोज उच्चारला जात असे. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी अशा जगात पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक नसून पूर्ण वस्तूच होत्या.

एक साधे उदाहरण घेतले तर या गणिताची जात लक्षात येते. शेराला सव्वादोन आणे भाव असेल तर साडेतीन शेरांचे किती? पंतोजीचा विद्यार्थी म्हणे, दोन औटे सात, म्हणजे सात आणे. उरलेला पाव आणा म्हणजे एक पैसा, त्याचे औट म्हणजे साडेतीन पैसे. एकूण सात आणे साडेतीन पैसे. पाटीवर काहीही लिहावे लागत नाही. नव्या पुस्तकाची रीत निराळी. सव्वादोनचे नऊ चतुर्थांश करावेत, साडेतीनचे सात द्वितीयांश करावेत, अंशाने अंश व छेदाने छेद गुणून त्रेसष्ट अष्टमांश मिळवावेत, त्यांना पूर्णांकयुक्त रूप द्यावे आणि मग राहिलेल्या सात अष्टमांश आण्याचे पैसे करावेत. पहिली रीत बाजारात अजिंक्य आहे, पण ती बाजाराबाहेर जात नाही. दुसरी लांबलचक आहे, परंतु छेदस्थानी तेरा असो वा सत्तावन्न, ती अडत नाही. या दोन रीतींमधील अंतर ओलांडण्याचे काम ज्याच्यावर आले तो नव्या शाळेचा शिक्षक होय.

मुंबईतील या प्रयत्नाला संस्थारूप मिळाले ते १८२२ मध्ये. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या अध्यक्षतेखाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या चिटणीसपणाखाली 'हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी' काम करू लागली. १८२७ मध्ये तिचे इंग्रजी नाव बदलून 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असे झाले. मंडळीचा खर्च युरोपीय व एतद्देशीय वर्गणीदार आणि सरकारी अनुदान अशा दुहेरी आधारावर चाले. १८२३-२४ च्या सुमारास मंडळीच्या समितीने देशी शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा तिला चार मुख्य उणिवा आढळल्या : पुस्तके नाहीत, पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. यांतील शेवटच्या उणिवेवर उपाय म्हणून वर्गणीदार व सरकार होते. पहिल्या तिन्हींचा भार मात्र बहुतांशी जर्व्हिस आणि त्यांच्या भोवतीचे शास्त्री यांच्यावर पडला.

जर्व्हिस हे लष्करी अभियंता होते ही गोष्ट येथे दुय्यम नाही. त्यांच्या देखरेखीखाली मुंबईत अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था सुरू झाली होती आणि जमीनमोजणीसाठी लागणारी माणसे तेथे देशी भाषांतून तयार होत होती. गणिताचे पुस्तक निवडताना त्यांनी स्वाभाविकपणेच चार्ल्स हटन यांचा ग्रंथ निवडला. हटन हे वुलिच येथील लष्करी अकादमीत गणिताचे अध्यापक होते आणि त्यांचा हा ग्रंथ तोफखाना व अभियंतादलाच्या छात्रांसाठी १७९८ मध्ये प्रथम निघाला होता. वस्तुतः मुंबईकरांना दुसरा मार्ग अगदीच अपरिचित नव्हता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे जॉन टेलर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईतच छापले गेले होते. व्याज, मिश्रण, खरेदी-विक्री यांची उदाहरणे खच्चून भरलेला तो ग्रंथ व्यापाऱ्याच्या मुलाला वुलिचच्या छात्राच्या पुस्तकापेक्षा जवळचा वाटला असता. तरीही तोफखान्याच्या छात्रांसाठी रचलेले गणित कोकणातील व देशावरील शाळामास्तरांच्या हाती आले. वसाहतकालीन ज्ञानव्यवहारात ग्रंथाची निवड पुष्कळदा ग्रंथाच्या योग्यतेपेक्षा निवडणाऱ्याच्या चरित्रावर ठरते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

माळव्यात याच काळात नेमका उलटा प्रयोग झाला. भोपाळजवळील सिहोर येथे राजकीय अधिकारी असलेले लान्सलॉट विल्किन्सन यांनी १८३० च्या दशकात सिद्धांतग्रंथांनाच पायरी मानून नव्या ज्योतिषाकडे जाण्याचा मार्ग शोधला. त्यांच्या सहवासातील सुबाजी बापू यांनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तर त्यांच्या प्रोत्साहनाने पुढे आलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले. मराठी प्रदेशाबाहेर मराठी पंडितांनी केलेल्या या कार्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. मात्र सिहोरचा प्रयोग एका अधिकाऱ्याच्या आस्थेवर उभा होता. १८४१ मध्ये विल्किन्सन निवर्तले आणि तो मार्ग जवळजवळ बंद झाला. मुंबईच्या प्रयोगामागे वर्गणीदार मंडळी असल्याने चिटणीस बदलले तरी काम चालू राहिले. निवड कोणाची शहाणपणाची होती हा प्रश्न निराळा. टिकाव कशाचा लागला, हे स्पष्ट आहे.

हटन यांच्या आधारे तयार झालेली 'कर्तव्यभूमिति' आणि 'शिक्षामाला' ही पुस्तके १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर पडली. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारखे शास्त्री या उद्योगात सहभागी होते. पुस्तकांची नावेच विचार करायला लावणारी आहेत. 'कर्तव्यभूमिति' म्हणजे प्रत्यक्ष करावयाची भूमिती. आज ज्याला आपण व्यावहारिक किंवा प्रायोगिक म्हणू त्यासाठी शास्त्र्यांनी 'कर्तव्य' हा धातुसाधित शब्द योजला. नीतीच्या क्षेत्रात रुळलेला शब्द येथे त्याच्या मूळ व्याकरणिक अर्थाने अवतरतो. 'भूमिति' हा शब्दही तितकाच बोलका आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथ यांनी अरबीच्या आधारे युक्लिडचे संस्कृत रूपांतर केले, तेव्हा त्याचे नाव 'रेखागणित' ठेवले होते. हिंदीत पुढे 'रेखागणित' आणि 'ज्यामिति', बंगालीत 'ज्यामिति' रूढ झाले. मराठी व गुजराती या दोनच शेजारी भाषांत 'भूमिति' स्थिरावला. युरोपीय शब्दाचा अवयवार्थ, म्हणजे जमीन मोजणे, त्यात जसाच्या तसा उतरला आहे. ज्या संस्थेत शिक्षक आणि जमीन मोजणारे एकाच व्यक्तीच्या देखरेखीखाली तयार होत होते, तेथे हा शब्द केवळ व्युत्पत्तीपुरता नव्हता. दोन्ही भाषांना तो एकाच पाठ्यपुस्तकपरंपरेतून लाभला असावा, असे मानण्यास जागा आहे. 'अपूर्णांक' हा शब्दही मराठी-गुजरातीत समान आहे आणि हिंदीत तेथे 'भिन्न' आहे, ही गोष्ट त्या अनुमानाला पुष्टी देते.

परिभाषेचा प्रश्न येथे थांबत नाही. गणिताच्या मराठीत तीन थर एकमेकांवर बसलेले दिसतात. दीड, अडीच, औट हे शब्द प्राकृताचे वारस आहेत. 'दिवड्ढ', 'अड्ढाइज्ज', 'अद्धुट्ठ' ही त्यांची पूर्वरूपे. हा पेढीचा आणि पाठांतराचा थर. बेरीज, वजाबाकी, रक्कम, हिशेब, जमा हे शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. हा दफ्तराचा थर, फडणिशीच्या मोडी कागदांतून शाळेत आलेला. त्यांच्यावर अपूर्णांक, त्रैराशिक, बीजगणित, भूमिति, त्रिकोणमिति हा संस्कृताचा थर, शास्त्र्यांनी पुस्तकासाठी काही जुन्यातून उचललेला तर काही नव्याने घडविलेला. चार मूळ क्रियांपैकी बेरीज-वजाबाकी दफ्तराची आणि गुणाकार-भागाकार शास्त्राचे, अशी वाटणी मराठीत आजही कायम आहे. मुलाला ती जाणवत नाही. १८२६ च्या शिक्षकाला मात्र ती पदोपदी जाणवली असणार, कारण यांपैकी पहिला थर त्याच्या कानांत होता, दुसरा त्याच्या हातात होता आणि तिसरा त्याला मुंबईत येऊन नव्याने शिकावा लागला. बाळशास्त्री जांभेकर यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धि' हे नाव आढळते. शून्याकडे जाणाऱ्या राशींच्या गणितासाठी योजलेली ही संज्ञा काव्यात्म म्हणावी इतकी नेमकी आहे, पण ती टिकली नाही. काशीकडे सुधाकर द्विवेदी यांच्या हिंदी ग्रंथाचे नाव 'चलनकलन' झाले आणि मराठीनेही पुढे दुसऱ्या संज्ञा स्वीकारल्या.

मंडळीने तयार केलेल्या शिक्षकांची पहिली तुकडी १८२६ मध्ये मुंबईबाहेर पडली. त्यांत १४ मराठी आणि १० गुजराती, असे एकूण २४ जण होते. दख्खन, कोकण आणि गुजरात येथे ते सरकारी शाळा चालविण्यासाठी पाठविले गेले. इलाख्यात त्या वेळी किती देशी शाळा होत्या याची जी गणती १८२० च्या दशकात झाली, आणि जी पुढे रामचंद्र विठ्ठल परुळेकर यांनी १९४५ मध्ये संपादून प्रसिद्ध केली, तिच्यात सतराशेंहून अधिक शाळा व सुमारे ३५,००० विद्यार्थी दिसतात. सतराशे पंतोजींच्या समोर चोवीस प्रशिक्षित शिक्षक, हे प्रमाण ध्यानात ठेवूनच या उपक्रमाचे मोल करावे लागते.

गुजराती तुकडीची कथा मराठी अभ्यासकांनाही उपयोगी आहे. रणछोडदास गिरधरभाई झवेरी (१८०३–१८७३) यांचा जर्व्हिस यांच्या गणितपुस्तकांना गुजराती रूप देण्यात हात होता आणि गुजरातेतील नव्या शिक्षणाचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. सुरतेस गेलेले दुर्गाराम मेहताजी हे याच शिक्षकांपैकी. 'मेहताजी' ही त्यांची ओळखच शिक्षकीची आहे. पेढीवरील कारकुनाला आणि शाळेतील गुरुजीला गुजरातीत हा एकच शब्द, ही बाब येथे सूचक ठरते. दुर्गारामांनी १८४४ मध्ये सुरतेत 'मानवधर्म सभा' स्थापन केली आणि त्या कामात त्यांना मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांची साथ मिळाली. दादोबा तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत होते. पुढे मुंबईस परतल्यावर अध्यापकवर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मंत्रतंत्र आणि भुतेखेते यांवर सभा भरवून वाद घालणारा शाळामास्तर गणिताच्या तासात काय शिकवीत होता, याची नोंद मिळत नसली तरी 'सिद्ध करून दाखवा' हा आग्रह दोन्ही ठिकाणी एकच होता, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

परंतु पालकांचे मत काय होते? विशेषतः गुजरातेत व्यापारी जाती आपल्या मुलांना दीर्घकाळ गावठी शाळेतच धाडीत राहिल्या, कारण तोंडी हिशेबाची तयारी तेथेच होते असा त्यांचा विश्वास होता. पा, अडधा, पोणा, सवाया, दोढा, अढिया, ऊठां या पाढ्यांवर त्यांचा भरवसा होता आणि तो अनुभवसिद्ध होता. गुजरातीतील 'ऊठां' म्हणजे आपली औटकीच. 'ऊठां भणाववां' याचा अर्थ मात्र कालांतराने फसविणे असा झाला. साडेतीनचा पाढा भल्याभल्यांना चकवीत असावा, हे त्यावरून दिसते. म्हणजे मुंबईतील थोर व्यापारी नव्या गणितशिक्षकासाठी वर्गणी देत होते आणि भडोच-सुरतेचे लहान व्यापारी मुलाला जुन्या शिक्षकाकडेच ठेवीत होते. बंगालमध्येही अशीच ओढाताण दिसते. चिनसुरा येथे रॉबर्ट मे यांनी १८१७ च्या सुमारास बंगाली अंकगणित काढले व कलकत्ता स्कूल बुक सोसायटी त्याच वर्षी स्थापन झाली, तरी शुभंकराच्या नावावर चालणारी पद्यबद्ध हिशेबरीत पाठशाळांतून हटली नाही. छापील गद्य आणि कंठस्थ पद्य यांच्यातील हा झगडा साहित्याच्या अभ्यासकांना अन्यत्र परिचित आहे. गणिताच्या वर्गातही तो तितक्याच जोराने चालू होता.

पेढीच्या पैशाचा हेतू एकेरी नव्हता. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला निधी दोन लाख रुपयांच्या वर गेला. तो इंग्रजी भाषा आणि युरोपीय विद्या शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी होता. १८३५ मध्ये विलायतेहून आलेल्या अध्यापकांपैकी ऑर्लेबार यांच्याकडे गणित व सृष्टिशास्त्र आले. बाळशास्त्री जांभेकर हे साहाय्यक अध्यापक होते. तेव्हा वर्गणीदार इंग्रजीच्या बाजूचे होते असे कोणी म्हणेल. पण वीस वर्षांनंतरचे चित्र पाहिले तर हा निष्कर्ष टिकत नाही. १८४० मध्ये मंडळीची जागा शिक्षणमंडळाने घेतली. १८४७ मध्ये त्या मंडळात अध्यापनाच्या माध्यमावरून जो वाद पेटला, त्यात अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. विरुद्ध बाजूस कर्नल जर्व्हिस आणि तीन एतद्देशीय सभासद उभे राहिले : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक दैवज्ञ, एक पारशी, एक कोकणी मुसलमान. तिघेही मुंबईच्या व्यापारी जगातले. शंकरशेटांनी आपल्या टिपणात इंग्रजीला विरोध केला नाही. बहुजनांपर्यंत विद्या न्यावयाची तर ती त्यांच्याच भाषेतून न्यावी लागेल एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या वादाची चर्चा आजवर प्रामुख्याने भाषिक अस्मितेच्या संदर्भात झाली आहे. तिला दुसरी एक बाजू आहे. मराठीत उच्च विषय शिकविता येत नाहीत, या पेरी यांच्या पक्षाच्या म्हणण्यावर जर्व्हिस यांच्यापाशी प्रत्यक्षाचा पुरावा होता : वीस वर्षांपूर्वी त्यांनी बीजगणित, भूमिती व त्रिकोणमिती मराठीत आणली होती आणि ती शिकविणारी माणसे तयार करून दाखविली होती. काव्य किंवा तत्त्वज्ञान यांच्या भाषांतराबद्दल वाद घालता येतो. सिद्धता एकतर जमते किंवा जमत नाही. म्हणून मराठीच्या सामर्थ्याचा पहिला निर्णायक दाखला गणिताच्या शिक्षकाने दिला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. सरकारने या वादात कोणत्याच पक्षाचे पूर्ण समाधान केले नाही. पेरी १८५२ मध्ये मंडळातून गेले आणि १८५४ च्या वूड यांच्या खलित्याने देशी भाषांना पुन्हा स्थान दिले.

दरम्यान शिक्षक घडविण्याचे काम रखडतच चालले होते. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापकवर्ग निघाला आणि त्याची धुरा जांभेकरांवर आली. परंतु १८४६ च्या मे महिन्यात त्यांचे अकाली निधन झाले. ऑर्लेबार यांच्या हाताखाली तयार झालेले केरो लक्ष्मण छत्रे पुण्यात मराठीतून गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले. दादाभाई नौरोजी हे मंडळीच्याच शाळेत विनावेतन शिकलेले. एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे अध्यापक होण्याचा मान मिळविलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५५ मध्ये ते अध्यापकी सोडून कामा मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढीने गणिताचा शिक्षक घडविला आणि पेढीनेच तो परत नेला. त्यांनी पुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, तो मात्र वर्ग आणि पेढी या दोन्हींकडून आलेला आहे. प्रेमचंद रायचंद यांचे नाव सांगितले की राजाबाई टॉवर आणि १८६५ चे शेअरबाजारातील दिवाळे आठवते. अहमदाबादचे अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालय त्यांच्या देणगीमुळे त्यांचेच नाव धारण करते, हे फारसे कोणी सांगत नाही.

या सर्व दातृत्वाची कक्षा कोठे संपत होती, हे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनावरून कळते. फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. व्यवहाराचा हिशेब त्यांना पुस्तकातून शिकावयाचा नव्हता. त्यांनी मागणी केली ती प्रशिक्षित आणि पुरेसा पगार मिळणाऱ्या प्राथमिक शिक्षकांची, आणि हे शिक्षक ब्राह्मणेतर जातींतूनही यावेत याची. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात त्यांनी मोडी व बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब घातला, शेतीची मूलतत्त्वे घातली. मुंबईच्या वर्गणीदारांनी १८२० च्या दशकात ज्या शिक्षकाची कल्पना केली, तो विद्वान होता पण शूद्रातिशूद्रांच्या आळीत तो जाणार नव्हता. शेतकऱ्याच्या मुलाला औटकीही मिळाली नाही आणि 'शिक्षामाला'ही. सावकाराच्या वहीत मांडलेले व्याज त्याला वाचता येत नव्हते, एवढ्यावरून गणिताच्या शिक्षकाच्या अभावाची किंमत कोणी मोजली, हे ध्यानात येते.

प्रशिक्षणसंस्थेचे श्रेष्ठ फळ मात्र अनपेक्षित ठिकाणी आले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून तयार झालेले शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) आयुष्यभर शिक्षकच राहिले आणि विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळापासूनच्या ज्योतिर्गणिताचा असा साधार, तौलनिक इतिहास तोपर्यंत कोणत्याही भारतीय भाषेत लिहिला गेला नव्हता आणि युरोपीय प्राच्यविद्यापंडितांना त्यासाठी मराठीकडे वळावे लागले. जर्व्हिस यांनी बाजूला ठेवलेली भास्कराची परंपरा सत्तर वर्षांनी एका शाळाशिक्षकाने नव्या गणिताच्या कसोट्या लावून परत आणली. दीक्षितांचे गद्य वाचताना तीनही थरांची मराठी एकाच वाक्यात सहज नांदताना आढळते, ही गोष्ट शैलीच्या अभ्यासकांनी तपासून पाहण्याजोगी आहे.

विसाव्या शतकात उद्योगाच्या पैशाचे स्वरूप पालटले. वर्गणीची जागा न्यासांनी घेतली. १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत सुरू झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत आणि मुंबईच्या महापालिकेच्या मराठी शाळांत केंद्राने शिक्षकांसमवेत काम केले. व. ग. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे जे आढळले ते विषयाच्या काठिण्याइतकेच भाषेविषयीचे होते. पाठ्यपुस्तकाची मराठी संस्कृतप्रचुर व वाक्यरचनेने जड होती. तीच माहिती सोप्या मराठीत लिहून दिली असता वंचित वस्तीतील मुलांची समज लक्षणीय वाढली. हा निष्कर्ष १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडला गेला, तेव्हा तो विज्ञानशिक्षणाच्या वर्तुळात चर्चिला गेला. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी त्याची दखल घेतली नाही.

हटन यांच्याविषयी एक तपशील येथे नोंदविणे अवश्य आहे. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या कुटुंबातून आलेले हटन वुलिचला जाण्यापूर्वी न्यूकॅसल या व्यापारी बंदरात शाळा चालवीत होते. त्यांचे पहिले पुस्तक, १७६४ मधील अंकगणित, शिक्षकांसाठीच मार्गदर्शक म्हणून लिहिलेले होते. क्षेत्रमापनावरील मोठा ग्रंथ १७७० मध्ये त्यांनी वर्गणीदारांच्या आश्रयाने छापला. १७६६ मध्ये त्यांनी तेथील वृत्तपत्रात जाहिरात दिली होती की, शहरातील अथवा खेड्यातील ज्या शाळामास्तरांना गणितात प्रगती करावयाची असेल, त्यांनी नाताळच्या सुटीत आपल्याकडे यावे. साठ वर्षांनी मुंबईत जमलेल्या चोवीस जणांपुढे त्यांचेच पुस्तक मराठी-गुजरातीत उघडले गेले.